बाहेरचा आधार, असल्यास

१२ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पत्राला उशीर झाला हे पहिल्याच ओळीत कबूल करतो, म्हणजे तुला दुसऱ्या ओळीत सुनवायला नको. फोनवर आपलं काही खरं नाही. तू ‘बरा आहेस ना’ विचारतेस, मी ‘हं’ म्हणतो, तू ‘बरं’ म्हणतेस, आणि मग समोरच्याने फोन ठेवायची वाट बघत दोघंही बसतो. वसतिगृहात होतो तेव्हा तुला लिहायला घेतलं की निदान पान तरी भरायचं.

आज मात्र काम आहे म्हणून लिहितोय. निधी मंडळाकडे मोठा अर्ज करतोय. विषय तुला पाठ आहे, तरी सांगतो. कोठारातल्या धान्याला सोंडकिडे लागतात. ते मारायला विषारी धूर सोडतात आणि तोच धूर पुढे आपल्या पोटात जातो. त्या किड्यांच्या अळ्यांवर वाढणारी एक माशी असते, टाचणीच्या टोकाएवढी. ती कोठारात सोडली तर धुराची गरज उरत नाही. अडचण एवढीच की या माशीच्या जाती ढीगभर, सगळ्या अगदी एकसारख्या दिसणाऱ्या, आणि त्यातली कामाची एखादीच. ती ओळखणं हेच माझं आयुष्य. निधी मिळाला तर पाच वर्षांची सोय होईल. माझ्याबरोबर अर्ज करणाऱ्या सहकारी बाईंची नोकरी कराराची आहे, तीही टिकेल.

या वर्षीपासून अर्जात एक नवा भाग आलाय. ‘बाहेरचा आधार व संबंध, असल्यास.’ आमच्या संस्थेबाहेरून मला जे जे मिळतं ते सगळं लिहायचं. पैसा, जागा, उपकरण, मदतीची माणसं, एखादं पद, मग ते नुसतं नावापुरतं का असेना. आमच्या संशोधन कार्यालयातले अधिकारी शांत गृहस्थ आहेत. त्यांनी सगळ्यांना बसवून समजावलं. एकाच कामाचे पैसे दोन ठिकाणांहून घेतले जाऊ नयेत, आणि माणूस कुणाकुणाच्या उपकाराखाली आहे हे मंडळाला कळावं, एवढाच त्यामागचा हेतू. “लिहिलंत तर बहुतेक वेळा काहीच होत नाही,” ते म्हणाले, “लपवलंत तर मात्र होतं.”

म्हणून तुला त्रास. भावोजींनी दिलेला सूक्ष्मदर्शक मी अजून रोज वापरतो. म्हणजे तोही बाहेरचाच आधार. तो तुमच्या चष्म्याच्या दुकानाने भेट दिला, बदल्यात काही मागितलं नाही, असं दुकानाच्या कागदावर दोन ओळी लिहून सही करून पाठव.

या सुट्टीतही येणं जमेल असं दिसत नाही. कामं साचली आहेत. रागावू नकोस.

तुझा,
किडोबा

•

२० जानेवारी

किडोबा,

आशीर्वाद. एकच देते, पण मोठा.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की खालचे भाडेकरू वर बघायला आले. चोपन्नाव्या वर्षी तुला लोक बाहेरचे संबंध विचारतात! तुझे भावोजी असते तर प्रत्येक गिऱ्हाइकाला हे ऐकवून मगच चष्मा दिला असता. बाबा रे, ज्या वयात ठेवायचे त्या वयात तू किडे पकडत होतास.

सोबत दुकानाच्या कागदावर लिहून पाठवलंय. सही नीट आली आहे, हात थरथरला नाही. दुकान चाललंय, ठीक. परवा एक आजोबा आले. म्हणाले, काचा बदलून द्या, बायको म्हातारी दिसायला लागलीय. मी म्हटलं, आजोबा, काचा उत्तम आहेत म्हणूनच तसं दिसतंय. तर म्हणतात कसे, मग जुन्याच परत द्या.

आता चेष्टा बाजूला ठेवते. तू येणार नाहीस हे वाचलं. सलग पाचवी सुट्टी. दर वर्षी कामं साचतात आणि दर वर्षी तुझ्या आवाजावरून वाटतं की तू कुठेतरी जाऊन आलास. मी मोठी आहे, मला विचारायचा हक्क आहे. तुझ्या आयुष्यात कुणी आहे का? असेल तर सांगायला लाजू नकोस आणि भिऊ तर मुळीच नकोस. माझी भावजय माझ्याच घरी गेली. तिच्या उपचारांसाठी तुम्ही दोघं इथे आलात आणि शेवटचे चार महिने ती माझ्या डोळ्यांसमोर होती. म्हणून तुला वाटत असेल की ताईला वाईट वाटेल. नाही वाटणार. म्हणजे वाटेल, पण थोडंच, आणि ते माझं मी बघून घेईन. घरात बोलायला माणूस नसलं की काय होतं ते मला कुणी शिकवायला नको.

तेव्हा खरं खरं लिही.

ताई

•

११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. सूक्ष्मदर्शकाचं पत्र मिळालं, अर्जाला जोडलं. अर्ज गेला.

कुणी नाही, ताई. तू समजतेस तसं काही नाही.

पण एक गोष्ट आहे, आणि ती तुला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगितलेली बरी. गेल्या सोमवारी सहकारी बाई माझ्या खोलीत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. त्या कधी दार लोटत नाहीत. त्यांनी माझ्यासमोर एका परक्या संस्थेचा वार्षिक अहवाल ठेवला. इथून फार लांब, समुद्रापलीकडे ती संस्था आहे. अहवालात एक फोटो होता, खाली ‘पाहुणे संशोधक’ असं छापलेलं, आणि तिसऱ्या रांगेत मी.

“सर, हे लिहायचं राहिलं, की तुम्ही लिहिलं नाहीत?”

मी म्हटलं, राहिलं. त्या म्हणाल्या, मग पुरवणी द्या, अजून घेतात. मी बघतो म्हणालो. त्या जागच्या हलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “त्या अर्जावर माझंही नाव आहे, सर.” आणि अहवाल टेबलावर तसाच ठेवून गेल्या.

तर ते असं आहे. गेल्या चारही सुट्ट्या मी तिकडे होतो. त्यांच्याकडे या माश्यांचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह आहे. मला एक टेबल देतात, वरच्या मजल्यावर राहायला खोली देतात, थोडं मानधन देतात. दुपारी सगळे एका लांब टेबलाशी जेवतात. बस्स, एवढंच. तुला बोललो नाही, कारण मुद्दाम सांगण्यासारखं वाटलं नाही. अर्जातही त्याच कारणाने राहिलं. सुट्टीतली गोष्ट, ती कुणाला कशाला सांगायची.

कामाच्या गडबडीत आहे. सविस्तर मागून लिहितो.

तुझा,
किडोबा

•

१६ फेब्रुवारी

किडोबा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा लावून आणि दुसऱ्यांदा चष्मा काढून, कदाचित वेगळं काही दिसेल म्हणून.

तुझ्या भावोजींनी दिलेलं जुनं यंत्र, जे बाजारात कुणी फुकटसुद्धा नेणार नाही, त्याचा तू मंडळाला पुरावा जोडतोस. आणि समुद्रापलीकडची खोली, पद, मानधन लिहायचं तुझं राहतं. माझ्या दुकानात असं कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, साहेब, डोळ्यांना काही झालेलं नाही, बहाणा दुसरीकडे शोधा. तू लहानपणी वाटाणे खिशात लपवायचास तेव्हाही असाच खिशाला सोडून बाकी सगळीकडे हात लावून दाखवायचास.

ते तुझं आणि मंडळाचं. आता माझं ऐक.

पहिल्या सुट्टीत तू आला नाहीस तेव्हा मला वाटलं, याला ती खोली बघवत नाही. साहजिक आहे. म्हणून मी खोली रंगवून घेतली. तिची खाट देऊन टाकली. औषधांचं कपाट उचलून जिन्याखाली ठेवलं. खिडकीपाशी उजेडाला टेबल लावलं, त्याची उंची सुताराकडून वाढवून घेतली, कारण तू सूक्ष्मदर्शकावर वाकलास की तुझी मान दुखते. दुसऱ्या वर्षी पडदे बदलले. तिसऱ्या वर्षी मनाशी म्हटलं, खोलीचं कारण नाहीच, मीच नको असेन. तिला अखेरपर्यंत मी बघितलं, तुला नोकरीमुळे येऊन-जाऊन राहावं लागलं, त्याचा कुठेतरी मनात आकस असेल. चौथ्या वर्षी काहीच केलं नाही. वाट बघितली फक्त.

आणि तू लांब टेबलाशी जेवत होतास.

मला त्यांचा राग नाही. तुला चार माणसांत बसून जेवायला मिळालं हे चांगलंच झालं. पण तू मला सांगितलं असतंस तर मी सुताराला नसतं बोलावलं.

त्या मुलीचं नाव अर्जावर आहे. तिच्यासाठी तरी पुरवणी दे. आणि मला खरं कारण लिहायचं असेल तरच पत्र लिही, नाहीतर राहू दे.

ताई

•

१९ मार्च

प्रिय ताई,

महिनाभर पत्र लिहायला बसतोय आणि उठतोय. आज उठायचं नाही असं ठरवलंय.

आकस नाही. कधीच नव्हता. हे सगळ्यात आधी वाच आणि मग पुढचं वाच, कारण पुढचं वाचून तुला मी वेडा झालो असं वाटेल.

तिकडे जायचं ठरलं तेव्हा ती होती. तुला आठवत असेल, दुखणं कळायच्या आधीचा तो काळ. मी त्यांना लिहिलं होतं की बायकोही बरोबर येईल, तिला बघायची हौस आहे. मग बाकीचं सगळं झालं. ती गेल्यावर काही महिन्यांनी मी एकटाच तिथे पोचलो. तिथल्या प्रमुख बाई दारापर्यंत घ्यायला आल्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, मोठ्याने बोलणाऱ्या, मनाने मोकळ्या. त्यांनी आधी माझ्या मागे बघितलं आणि विचारलं, “हे काय, एकटेच? त्यांना नाही आणलंत?”

ताई, इथे त्या दिवसांत मला कुणी असं काही विचारत नव्हतं. इथे मी व्हरांड्यातून चाललो की लोक आवाज खाली करायचे. चहा घ्यायला उभा राहिलो की माझ्यापुरती जागा करून द्यायचे, जरा जास्तच जागा. सगळे चांगलेच होते आणि सगळ्यांनी मला तिच्यासकट पुरून टाकलं होतं. आणि ही अनोळखी बाई माझ्या पाठीमागे बघत होती, जणू ती सामान घेऊन मागून येतेच आहे.

मी म्हटलं, “ती नाही आली. घरी आहे. बरी आहे.”

एवढंच बोललो. संध्याकाळी दुरुस्त करू म्हणालो मनाशी. संध्याकाळी त्यांनी विचारलं, घरी एकट्या काय करतात? मी म्हटलं, शिवण चालू आहे. ते तर खरंच होतं, म्हणजे असतं. दुसऱ्या दिवशी जेवताना कुणीतरी विचारलं, त्यांना तुमचे किडे आवडतात का? मी म्हटलं, नाही, ती म्हणते घरात एक किडा पुरे. सगळे हसले. ताई, तिच्या बोलण्यावर लोक हसले. किती दिवसांनी.

मग ते थांबवता येईना. पुढच्या वर्षी तिने पोहायला शिकायला सुरुवात केली. गच्चीत लिंबाचं झाड लावलं, त्याला एकच लिंबू आलं आणि ते तिने कुणाला तोडू दिलं नाही. शेजारणीशी तिचं वाजलं आणि मिटलं. मी हे रचत बसत नसे. कुणी विचारलं की तोंडून यायचं आणि बोलून झालं की मलाही कळायचं, अच्छा, ती असं करते आहे तर. वर्षाचे दोन महिने ती तिकडे असायची. बाकीचे दहा मी तिथे जायची वाट बघायचो. निघताना लोक तिच्यासाठी काही ना काही द्यायचे. माश्यांची चित्रं काढणाऱ्या बाईंनी डबीभर जुनी बटणं दिली, हातमोजे दिले. घरी आल्यावर ते सगळं मी कपाटात ठेवतो आणि दार लावून घेतो.

आता कळलं का, अर्जात काय राहिलं ते? मानधनाची मला लाज नव्हती. पण लिहिलं असतं तर आमचं कार्यालय त्यांना विचारणार, ते उत्तर देणार, आणि प्रमुख बाई शेवटी लिहिल्याशिवाय राहणार नाहीत की सरांना आणि बाईसाहेबांना आमचा नमस्कार सांगा. ते पत्र इथे उघडणाऱ्या प्रत्येकाला ती गेल्याचं माहीत आहे. आणि तुझ्याकडे आलो असतो तर तुझ्या घरात ती गेलेलीच होती. तिथे तिला जिवंत कुठे बसवणार होतो? तू कितीही खोली रंगवलीस तरी.

सहकारी बाईंनी पुन्हा विचारलं नाही. फक्त माझ्याशी बोलताना त्या खूप नीट बोलायला लागल्या. ते सहन होईना. आज सकाळी अधिकाऱ्यांकडे गेलो आणि पुरवणी दिली. संस्था, पद, खोली, टेबल, मानधन, चारही वर्षं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “एवढंच होतं, तर लपवलंत का हो?” मग ते म्हणाले, आता तिकडे लिहून खात्री करून घ्यावी लागेल, नियम आहे.

म्हणजे पत्र जाणार. मी काय करू ते सांग.

किडोबा

•

२५ मार्च

बाळा,

हा शब्द मी बऱ्याच वर्षांनी लिहिला.

आधी कामाचं. कार्यालयाचं पत्र पोचायच्या आत त्या बाईंना तू स्वतः लिही. आजच. सारवासारव करू नकोस, आजार, तारीख, सगळं लिही. त्यांनी तुला चार वर्षं जेवू घातलंय, त्यांना हे एखाद्या कारकुनाच्या पत्रातून कळता कामा नये.

आता बाकीचं. मला तू वेडा वाटला नाहीस. पत्र वाचताना मी आधी हसले. तिला पोहायला शिकवलंस? ती बादलीतल्या पाण्यालाही घाबरायची. मग मला त्या लोकांचा हेवा वाटला. त्यांच्याकडे ती चार वर्षं जास्त राहिली. माझ्याकडे एकदाही आली नाही.

तू एवढं उघड केलंस तर मलाही थोडं करू दे, शिवाय तुझ्या अर्जात चुकीचा कागद राहायला नको. दुकान बंद झालंय. गेल्या वर्षीच. समोर मोठं दुकान आलं, तिथे यंत्र डोळे तपासतं, माझ्याकडे कोण येणार. काचा घासायचं यंत्र भंगारात दिलं. अक्षरांचा फलक तेवढा घरी आणलाय. तुला पाठवलेला कागद उरलेल्या गठ्ठ्यातला. ते आजोबा दोन वर्षांपूर्वी आले होते. तुला सांगितलं असतं तर तू काळजीने फोन केला असतास आणि मग पुन्हा ‘हं’ आणि ‘बरं’. त्यापेक्षा चालू दुकानातून पत्र लिहिणं बरं वाटत होतं. सकाळी मी अजून आवरून तयार होते, पर्स घेते आणि मग आठवतं.

तेव्हा अधिकाऱ्यांना सांग, भेट खरी, दुकान खरं, पण आता ते नाही. हवं तर मी साध्या कागदावर लिहून देते.

त्या बाईंना लिहिलंस की मला कळव.

ताई

•

३० एप्रिल

प्रिय ताई,

लिहिलं. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी. सगळं लिहिलं आणि टपालात टाकून आलो. मग रोज दुपारी टपाल येतं त्या वेळी खोलीतून बाहेर निघून जात होतो.

आधी मंडळाचं सांगतो. अर्ज बाद झाला नाही. पण चुकीची माहिती दिली म्हणून मला मुख्य अर्जदार राहता येणार नाही, आणि पुढची काही वर्षं स्वतंत्र अर्जही करता येणार नाही. सहकारी बाई मुख्य झाल्या. निधी त्यांच्या नावाने मंजूर झालाय. मी त्यांच्या प्रकल्पात माश्या ओळखणार. त्या सांगायला आल्या तेव्हा दार उघडंच ठेवलं. म्हणाल्या, “मला वाईट वाटत नाही, सर. पण आनंदही झाला नाही.” मी अभिनंदन केलं. त्यांनी मान हलवली. दुकानाच्या कागदाचं मी अधिकाऱ्यांना सांगितलं. त्यांनी नोंद केली आणि विचारलं, ताईंची तब्येत बरी आहे ना?

तिकडची पाहुण्याची जागा या वर्षी संपते. त्यांचेही नियम आहेत. खोली दुसऱ्याला दिली जाईल.

प्रमुख बाईंचं उत्तर आलं. छोटं आहे. त्यांनी लिहिलंय, ‘तुम्ही खोटं बोललात याचा राग मला येईल, अजून आलेला नाही. सध्या मला ती गेल्याचं दुःख होतंय आणि ते कुणाकडे बोलावं कळत नाही, कारण मला जी माहीत होती ती कधी नव्हतीच.’ माझ्या परवानगीने त्यांनी तिथल्या सगळ्यांना सांगितलं. मग एकेकाची पत्रं यायला लागली. रखवालदाराचं आलं, स्वयंपाक करणाऱ्या माणसाचं आलं. चित्रं काढणाऱ्या बाईंनी लिहिलंय की ते एकुलतं एक लिंबू त्यांना फार आवडायचं. सगळे हळहळले आहेत, ताई, मनापासून. इतकं ताजं सांत्वन मला इथे पहिल्या आठवड्यातही मिळालं नव्हतं.

आणि ते माझ्यापर्यंत पोचत नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी घरचं टपाल चुकून माझ्याकडे आल्यासारखं वाटतं. ते पोहणाऱ्या बाईसाठी रडताहेत.

काल मी बसून तिला आठवायचा प्रयत्न केला. आमची, खरी. तिचा आवाज आठवला, तर ती लिंबाबद्दल बोलत होती. ते मी बोललेलं आहे, तिने नाही. शिवणाच्या यंत्राशी बसलेली आठवली, तर हातात तिकडून आणलेले हातमोजे. ‘घरात एक किडा पुरे’ हे ती खरंच म्हणायची, की मीच तिच्या तोंडी घातलं, हेसुद्धा आता नक्की सांगता येत नाही. माशीच्या पंखावरच्या शिरा बघून मी जात सांगतो, आणि माझ्या स्वतःच्या बायकोची ओळख पटवता येत नाही.

इथे विचारायला कुणी नाही. तिला नीट बघितलेलं माणूस तू एकटी उरली आहेस. मला थोडं सांग. चांगलंच असं नको. जे होतं ते.

किडोबा

•

६ मे

बाळा,

सांगते.

‘घरात एक किडा पुरे’ हे ती म्हणायची. माझ्यासमोर म्हणाली आहे. तेवढं तुझं खरं आहे, ते ठेव.

बाकी, ती पत्त्यांत लबाडी करायची आणि पकडली की उलट माझ्यावरच डाफरायची. शिवताना टाचण्या ओठांत धरायची आणि तशीच बोलायची, मला भीती वाटायची. तिला कुणी ‘बिचारी’ म्हटलेलं खपत नसे. इथे एक ओळखीची बाई भेटायला आली आणि दाराशीच रडायला लागली, तर हिने मला सांगितलं, त्यांना पाणी द्या आणि घरी पाठवा, माझा डाव राहिलाय. माझ्या हातचं तिला फारसं आवडायचं नाही. एकदा कप फेकला होता, माझ्या अंगावर नाही, भिंतीवर, पण जोरात. दुसऱ्या दिवशी माफी मागितली नाही, माझ्या ब्लाउजचं तुटलेलं बटण लावून दिलं. गोड नव्हती. मला ती फार आवडायची.

तुझ्या काही गोष्टी मला पटत नाहीत, माझ्या तुला पटणार नाहीत. ती कशी होती यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही. म्हणून तू ये. सुट्टीची वाट बघू नकोस, तिकडची खोली जाणार असं तूच लिहिलंयस, आता कामं साचल्याचा बहाणा नको. समोरासमोर बसून भांडू. एकट्याने तिला आठवत बसू नकोस, ते माझंही चुकतं हल्ली.

एक गोष्ट मात्र मी तुला कधी सांगितली नाही. तिने नको म्हटलं होतं, आणि नंतर मलाच धीर झाला नाही. तू नोकरीवरून दोन दिवसांसाठी यायचास आणि ती बहुतेक वेळ झोपलेली असायची. तू उशापाशी बसून राहायचास. मला म्हणायचास, औषधाची गुंगी असेल, झोपू दे. औषधाची गुंगी नव्हती ती. जिन्यात तुझी पावलं वाजली की ती डोळे मिटून घ्यायची. म्हणायची, त्याचा चेहरा बघवत नाही, आणि मी जागी असले की त्याला काहीतरी बोलावं लागतं बिचाऱ्याला. तू उठून बाहेर गेलास, दार लागलं, की डोळे उघडायची आणि मला विचारायची, “जेवला का तो?”

ताई